रेषेखालचे यवतमाळ

मुंबई आणि कोलकाता या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर साधारण 1,665 किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा काढली, तर ती यवतमाळ शहराच्या उत्तरेकडून, जेमतेम दहा किलोमीटरवरून जाते. विमाने अगदी याच रेषेवरून उडतात असे नाही. त्यांचे मार्ग आधी आखलेले असतात, शिवाय वारा, ढग आणि विमानतळावरची गर्दी यांमुळे त्यांत रोज थोडाफार बदल होतो. तरी मुंबई सोडून पूर्वेकडे निघालेले विमान पाऊण तासात या भागाच्या माथ्यावर येते. खाली राहणाऱ्या माणसाला मात्र मुंबई गाठायला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसावे लागते, नाहीतर धामणगावला जाऊन रेल्वे पकडावी लागते. विमानाने जायचे असेल तर पहिली गंमत अशी की मुंबईकडे पाठ करून निघावे लागते. यवतमाळहून मुंबई सरळ रेषेत 570 किलोमीटरच्या आसपास आहे. नागपूरमार्गे जाताना आधी ईशान्येला सडकेने दीडशे किलोमीटर जायचे, आणि तिथून 680 किलोमीटर उडत उलट पश्चिमेला यायचे. 570 चे 830 होतात. नकाशावरचे अंतर आणि माणसाला पडणारे अंतर यांतली ही तफावत आजची नाही. तिला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो तपासला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दूरची ठिकाणे जोडणाऱ्या मुख्य वाटेला प्रत्येक युगात नवा वेग मिळाला. त्या वाटेपासून फुटणाऱ्या फाट्याला तो मिळाला की नाही, हे मात्र फाट्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसांनी कधीच ठरवले नाही. यवतमाळच्या बाबतीत ते बहुतेक वेळा कापसाने ठरवले.

रेल्वेच्या आधीचा काळ पाहू. वऱ्हाडातला माल तेव्हा बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर फिरत असे. मीठ, धान्य, कापूस बैलांच्या पाठीवर लादलेला असे, आणि जनावरे चरत चरत चालत असल्यामुळे तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा फार पुढे सरकत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा पुष्कळसा कापूस मुंबईला न जाता नागपूर-जबलपूरच्या वाटेने गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. ती वाट पाचशे मैलांची होती. तांड्याच्या चालीने हिशेब केला तर अडीच-तीन महिने लागत. त्यात धुळीने, पावसाने आणि वाटेतल्या चोरीचिलटीने कापसाची जी गत होई ती वेगळीच. पण या मंदगती व्यवस्थेचा एक गुण विसरता कामा नये. तांड्याला मुख्य वाट आणि फाटा असा भेद नव्हता. बैल अमरावतीच्या बाजारातून ज्या चालीने निघे, त्याच चालीने तो पुसदच्या खोऱ्यात किंवा दारव्ह्याच्या माळावर येई. सगळी गावे सारखीच दूर होती. आज यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पुसद-दिग्रसच्या पट्ट्यात, बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. रेल्वेने ज्यांचा धंदा मोडला, त्या वाहतूकदारांचे वंशज याच जिल्ह्यात शेतीवर आणि मजुरीवर स्थिरावले. दळणवळणाच्या इतिहासात वेगाची नोंद होते, तशी त्या वेगाने ज्यांना वाटेवरून दूर केले त्यांचीही व्हायला हवी.

1853 साली दोन गोष्टी घडल्या. 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे सुटली, आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढच्या चौदा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा करीत 1867 मध्ये नागपूरला पोचले. मधल्या काळात, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वऱ्हाडी कापसाला अचानक भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण रूळ तिथेच राहिले. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालणारा मुंबई-लंडन सागरी मार्ग एकोणीस-वीस हजार किलोमीटरचा होता, तो अकरा-बारा हजारांवर आला. 1870 मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई आणि इंग्लंड थेट जोडले गेले, आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला जातीने आले. एका कापूसबाजारासाठी काढलेल्या आखूड फाट्याच्या उद्घाटनाला देशाचा सर्वोच्च अधिकारी येतो, यातच त्या फाट्याची किंमत कळते. मुंबई ते लिव्हरपूल हे अंतर आखडले होते. आता उरलेला वेळ सगळा शेतापासून रुळापर्यंतच्या पट्ट्यात जात होता, आणि व्यापाऱ्यांचे लक्ष तिकडे वळले.

आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, तो या मुख्य लाइनच्या दक्षिणेला पडला. 1905 पर्यंत त्याचे नाव वणी जिल्हा होते. त्या वर्षी वाशिम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. जवळचे स्टेशन धामणगाव, म्हणजे यवतमाळहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. बैलगाडीला ही चांगली दोन दिवसांची वाट. माणूस ही वाट चालू शकतो, धान्याची गाडीही जाऊ शकते, पण कापसाची अडचण निराळी आहे. त्याचे वजन कमी आणि आकारमान फार. सुटा कापूस गाडीत भरला तर गाडी भरते आणि बैल जवळजवळ मोकळाच चालतो. म्हणून कापूस जिथे पिकतो तिथेच सरकी काढून, रुई दाबून गाठी बांधल्या तर वाहतुकीचा खर्च निम्म्याहून खाली येतो. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने वऱ्हाडात गावोगाव उभे राहिले त्यामागे हे साधे गणित आहे. आणि जिथे प्रेस आहे तिथे रूळ यावेत, ही मागणी त्यातूनच आली. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. तिच्या मालकीची अडीच फूट रुंदीची छोटी लाइन मूर्तिजापूरपासून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे दारव्ह्यावरून यवतमाळला गेली. यवतमाळची बाजू 113 किलोमीटर, अचलपूरची 76. गाड्या चालवायचे काम जीआयपी रेल्वेकडे, रूळ कंपनीचे. पुढे लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले.

ही लाइन कुठे जाते याकडे नीट पाहावे. यवतमाळहून सर्वांत जवळचे मुख्य लाइनचे स्टेशन धामणगाव असताना छोटी लाइन पंचेचाळीस किलोमीटरच्या जागी 113 किलोमीटर धावून वायव्येला मूर्तिजापूरला मिळते. वरवर पाहता हा वळसा वाटतो. पण ती वाट दारव्ह्याच्या कापूसपट्ट्यातून जाते, आणि मूर्तिजापूर हे धामणगावपेक्षा मुंबईला बरेच जवळ आहे. गाठ एकदा चढली की बंदराच्या दिशेने सरकतच राहते. जिल्ह्यातल्या माणसाला तेव्हा जिथे कामे असत, ते नागपूर पूर्वेला होते. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेले असल्यामुळे सरकारी कचेऱ्यांची वाट नागपूरकडे जाई. म्हणजे कागद पूर्वेला जात होता आणि रूळ पश्चिमेला. लाइन कोणाच्या गरजेने आखली गेली, याला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. लाइन कापसासाठी काढली असली तरी तिने माणसेही नेली, हे कसे नाकारता येईल? नाकारण्याचे कारणच नाही. शकुंतलेचे तिकीट एसटीपेक्षा नेहमीच स्वस्त राहिले. रुळालगतच्या खेड्यांतून शेतमजूर, विद्यार्थी, भाजी विकणाऱ्या बाया, लग्नाची वऱ्हाडे याच गाडीने गेली. गाडी बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू करा म्हणून ज्यांनी आंदोलने केली, ते कापसाचे व्यापारी नव्हते. पण फाटा माणसांच्या उपयोगी पडणे वेगळे आणि माणसांसाठी राखला जाणे वेगळे. ट्रक आले, गाठी सडकेने जाऊ लागल्या, आणि त्या दिवसापासून या लाइनमध्ये कोणी पैसा घातला नाही. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले वाफेचे इंजिन 1923 मध्ये या रुळांवर आले आणि 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत राहिले. एकाहत्तर वर्षे एकच इंजिन चालणे ही त्या इंजिनाची आणि ते जपणाऱ्या कामगारांची थोरवी खरीच. त्याच वेळी तो त्या लाइनकडे पाहण्याच्या सरकारी दृष्टीचाही दाखला आहे. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारची झाली, 1951 मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, पण हे रूळ खासगी कंपनीच्याच नावावर राहिले. रूळ दुसऱ्याचे म्हणून सरकार खर्च करीना आणि कापूस गेला म्हणून कंपनी करीना. शेवटी शेवटी यवतमाळ ते अचलपूर हे 189 किलोमीटर कापायला वीस तास लागत. गेल्या दशकात तीही गाडी थांबली. ब्रॉडगेज करण्याची घोषणा 2016 मध्ये झाली. घोषणेनंतर छोटी गाडी परत आली नाही आणि मोठीही आली नाही.

आता या सगळ्याचा विमानाशी संबंध जोडतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यवतमाळचा एखादा तरुण बॅरिस्टरीसाठी लंडनला निघाला असे धरू. घरापासून मुंबईच्या बंदरापर्यंत, छोट्या गाडीत, मूर्तिजापूरच्या फलाटावर आणि पुढे मोठ्या गाडीत मिळून त्याचा दीड दिवस गेला असेल. मुंबई ते लंडन त्या काळी बोटीने तीन आठवड्यांच्या आसपास, वाटेत उतरून युरोपातली रेल्वे पकडली तर दोन आठवडे. म्हणजे एकूण प्रवासातला यवतमाळ ते मुंबई हा भाग शेकडा सात ते दहा. आज त्याच घरातली पणती लंडनला शिकायला निघते. नागपूरपर्यंत सडकेने तीन तास, विमानतळावर दोन तास, मुंबईपर्यंत विमानाचा दीड तास, म्हणजे साडेसहा तास. मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, विमानाला साडेनऊ-दहा तास. मुंबईत पुढच्या विमानासाठी थांबायचा वेळ सोडूनही आता घर ते मुंबई हा भाग एकूण प्रवासाच्या शेकडा चाळीसच्या घरात जातो. तिने विमानाऐवजी रात्रीची ट्रॅव्हल्स धरली तर देशातलाच प्रवास परदेशाच्या प्रवासाहून मोठा होतो. लंडन शंभर वर्षांत मुंबईच्या तीस-पस्तीसपट, काही हिशेबांनी पन्नासपट जवळ आले. यवतमाळ मुंबईच्या सहापटही जवळ आलेले नाही.

कोणी म्हणेल, टक्केवारीचा हा खेळ फसवा आहे. दीड दिवसाचे साडेसहा तास झाले ना? मग मुख्य वाट आणखी वेगवान झाली म्हणून फाट्यावरच्या माणसाचे काय नुकसान झाले? दुसऱ्याच्या घाईचे दुःख आपण का करावे? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो आकड्यांच्या पातळीवर बरोबर आहे. चूक आहे ती वेळ म्हणजे फक्त घड्याळातले तास असे समजण्यात. कामाची वेळ समाज ठरवतो, आणि तो ती सर्वांत वेगवान प्रवाशाच्या सोयीने ठरवतो. रेल्वेच्या काळात मुंबईत सकाळी अकरा वाजता हजर राहायचे असेल तर नागपूरचा वकील, अमरावतीचा व्यापारी आणि यवतमाळचा शेतकरी या तिघांनाही आदल्या दिवशी निघावे लागे. मग अकराची वेळ देणाऱ्यालाही ते ठाऊक असे. मुक्काम, धर्मशाळा, ओळखीच्या घरी उतरणे हा सगळ्यांच्याच प्रवासाचा भाग होता. आज नागपूरचा माणूस पहाटेच्या विमानाने जाऊन रात्री घरी जेवायला येतो. यवतमाळच्या माणसाला मध्यरात्री घर सोडावे लागते किंवा एक रात्र बाहेर काढावी लागते. मुलाखतीची, सुनावणीची, मोठ्या दवाखान्यातल्या तपासणीची वेळ आता नागपूरच्या माणसाला धरून ठरते. पूर्वी आदल्या दिवशी निघणे हा सर्वांचा नियम होता. आता तो फाट्यावरच्या लोकांवरचा कर झाला आहे. या कराची वसुली एका दिवसाच्या मजुरीत, एका रात्रीच्या लॉजभाड्यात, आणि पुष्कळदा ‘जाऊ द्या, नको जायला’ अशा शब्दांत होते.

नागपूरची गोष्ट इथे सविस्तर पाहायला हवी, कारण ‘मध्यवर्ती’ असण्याचा अभिमान विदर्भात मोठा आहे. सोनेगावच्या विमानतळावरून मुंबई 680, दिल्ली 855, चेन्नई 910 आणि कोलकाता 985 किलोमीटर सरळ अंतरावर आहे. चारही महानगरे हजार किलोमीटरच्या आत असलेला विमानतळ देशात दुर्मीळ. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली ती याच कारणाने नागपूरभोवती आखली गेली. संध्याकाळी उशिरा चार महानगरांतून चार विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. मद्रासला संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत. दोन दूरच्या विमानतळांमधला वेळ कमी करण्याची इतकी देखणी योजना आपल्या देशात त्याआधी झाली नव्हती, आणि तिचा सांधा विदर्भात होता याचा आनंद मलाही आहे. पण या योजनेत नागपूर होते ते थैल्या बदलण्याची जागा म्हणून. दिल्लीच्या पत्राला मद्रास एका रात्रीवर आले. यवतमाळच्या पत्राला मात्र आधी सडकेने, मग रेल्वेने नागपूर गाठायचे होते, आणि उलट येतानाही तेच. सांध्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या गावासाठी त्या रात्रीच्या विमानांनी काही वेळ वाचवला, पण हजार किलोमीटरवरच्या शहरासाठी वाचवला त्या मानाने फारच थोडा. मध्यवर्ती असणे ही नागपूरची मिळकत आहे. तिचा वाटा आपोआप शेजारच्या जिल्ह्यांत उतरतो हे गृहीतक टिकत नाही. पुढे नागपूर विमानतळालगतचा मिहान प्रकल्पही याच भौगोलिक मध्याच्या आधारावर मांडला गेला, आणि त्याच्या चर्चेत मालवाहू विमानांबद्दल जेवढे बोलले गेले त्याच्या शतांशानेही नागपूरला येऊन मिळणाऱ्या सडकांवरच्या एसटीबद्दल बोलले गेले नाही.

यवतमाळला स्वतःचा विमानतळ नाही असे नाही. भारीला धावपट्टी आहे, जवाहरलाल दर्डा यांचे नाव तिला दिलेले आहे. 2009 मध्ये राज्याने यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद असे पाच विमानतळ 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स समूहातल्या कंपनीला दिले. यवतमाळहून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली नाही. इथे अर्थशास्त्र जाणणारा वाचक म्हणेल की ती सुरू होणार तरी कशी? शेतीवर जगणाऱ्या, दरडोई उत्पन्न कमी असलेल्या जिल्ह्यात रोज विमान भरेल एवढे प्रवासी कुठून आणायचे? फाटा तोट्यात चालतो म्हणून तो बंद पडतो, यात कोणाचा कट नाही. हे खरे आहे, आणि तरी अपुरे आहे. फाट्याचा जमाखर्च फाट्यापुरताच मांडला तर तो जवळजवळ नेहमीच तोट्यात दिसतो. त्याच्यामुळे मुख्य वाटेला मिळणारा माल आणि माणसे दुसऱ्याच्या वहीत जमा होतात. मुंबईच्या पेढीला हे पक्के कळत होते. यवतमाळची छोटी लाइन तिने काढली ती कापूस, प्रेस, रूळ, बंदर आणि लिव्हरपूल हा सगळा व्यवहार एकत्र धरून. ज्या केंद्र सरकारने 2016 मध्ये ‘उडान’ योजना आणली, छोट्या विमानतळांवरच्या तोट्याची भरपाई करू म्हटले आणि तासाभराच्या उड्डाणातल्या निम्म्या जागांचे भाडे अडीच हजार रुपयांवर बांधले, त्या सरकारनेही हेच तत्त्व मान्य केले. म्हणजे फाट्याला आधार द्यावा की नाही हा वाद तत्त्वात संपलेला आहे. उरला आहे तो कोणत्या फाट्याला द्यायचा एवढाच. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले. यवतमाळहून अमरावती नव्वद किलोमीटर, तेही वायव्येला, मुंबईच्या बाजूला. शकुंतलेनंतर पहिल्यांदाच यवतमाळच्या प्रवाशाला मुंबईसाठी मुंबईकडे तोंड करून निघता येईल अशी वाट झाली आहे. छोटे एटीआर विमान आणि आठवड्यातले मोजके दिवस, अशी तिची सुरुवात झाली, तरी मी या वाटेला भारीच्या धावपट्टीपेक्षा अधिक महत्त्व देईन.

आणखी एक उत्तर नेहमी ऐकू येते, की यवतमाळ मागे राहिले ते राजकीय वजन नसल्यामुळे. इतिहास याला दुजोरा देत नाही. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक 1991 ते 1993 या काळात मुख्यमंत्री झाले. रोजगार हमी, संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे यांवर वसंतरावांच्या कारकिर्दीचा ठसा आहे. पण त्यांच्या स्वतःच्या पुसदला आजही रेल्वे नाही. राज्याच्या हातात सडक असते, रूळ केंद्राच्या हातात असतात, हे त्याचे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या पिढीच्या नेतृत्वाने ग्रामीण भागाचा विचार शेत, पाणी आणि बियाणे असा केला. शेतातला माणूस किती वेळात कुठे पोचतो हा विकासाचा प्रश्न आहे, असे तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते. एसटी 1948 मध्ये सुरू झाली आणि तिने हा प्रश्न आपल्या परीने, न बोलता सोडवत आणला. यवतमाळसारख्या जिल्ह्याला शेजारच्या शहरांशी खऱ्या अर्थाने जोडणारी व्यवस्था गेली अनेक दशके लाल बसच आहे.

अलीकडच्या दोन मोठ्या कामांकडे पाहिले तर जुनी रीत किती बदलली याचा अंदाज येतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. तो दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्यांत यवतमाळ नाही. तो वर्धा, अमरावती, वाशिम असा जिल्ह्याच्या उत्तरेकडून, जीआयपीची लाइन गेली होती साधारण त्याच बाजूने निघून जातो. 1867 ची आणि आजची मुख्य वाट यवतमाळला एकाच अंगाने टाळते. दुसरे काम वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचे. 284 किलोमीटरच्या या लाइनला 2008-09 च्या सुमारास मंजुरी मिळाली. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. पुढे ती यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेड करीत नांदेडला जाईल. मंजुरीपासून पहिल्या एकोणचाळीस किलोमीटरांना लागलेली वर्षे मोजली तर राग येतो. तरी या लाइनची आखणी मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनपेक्षा मुळातच निराळी आहे. ती जिल्ह्यात येऊन संपत नाही, आरपार जाते. विदर्भ आणि मराठवाडा जोडते, आणि तिच्यामागे एकाच मालाची किंवा एकाच बंदराची ओढ नाही. पुसदचा विद्यार्थी नागपूरला आणि यवतमाळचा रुग्ण हैदराबादकडे गाडी न बदलता, किंवा एकदाच बदलून, जाऊ शकेल. मुंबईचा प्रश्न मात्र या लाइनने सुटत नाही. यवतमाळहून मुंबईला रेल्वेने जायचे तर आधी ईशान्येला वर्ध्याला चढायचे आणि मग पश्चिमेला वळायचे, म्हणजे नागपूरच्या विमानासारखाच उलटा फेरा. तो टाळायचा तर दारव्ह्यावरून मूर्तिजापूरची जुनी वाट ब्रॉडगेज व्हायला हवी. जमीन आहे, भराव आहे, पुलांच्या जागा ठरलेल्या आहेत. कापूस आता त्या वाटेने जाणार नाही, त्यामुळे ती या वेळी माणसांसाठी म्हणूनच मागावी लागेल, आणि माणसांच्या नावाने मागितलेला फाटा या जिल्ह्याला आजवर एकदाही मिळालेला नाही.